सोळा वाक्यांचा टॅबलेट

घशाच्या कॅन्सरमुळे बाबांचं स्वरयंत्र काढलं. त्यानंतर चार महिन्यांनी मी त्यांच्यासाठी टॅबलेट घ्यायचं ठरवलं. ऑपरेशननंतर ते गळ्याच्या तळाशी केलेल्या भोकातून श्वास घेतात आणि त्यावर पातळ कापडाचा रुमाल बांधलेला असतो. तोंडावाटे हवाच येत नाही, म्हणून आवाजही नाही. आयुष्य बोटीवर तांडेल म्हणून, म्हणजे बोटीचा प्रमुख म्हणून काढलेला हा माणूस. इंजिनाच्या वर आवाज चढवून बोलायची त्यांना सवय. ते आता पालघरजवळच्या माहीम गावातल्या घरी ओट्यावर बसून पाटीवर खडूनं लिहायचे, आणि आईला चष्मा सापडेपर्यंत चिडून लिहिलेलं पुसून टाकायचे.

मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये काम करते आणि लग्नानंतर बोईसरला राहते. आमच्याकडे कुठलंही नवं यंत्र तपासल्याशिवाय कामाला लावत नाहीत. तीच सवय मी घरी आणली. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली, डावीकडे चांगलं, उजवीकडे वाईट.

अगदी स्वस्तातला टॅबलेट मी दुकानातच बाजूला केला. बटण दाबल्यापासून आवाज येईपर्यंत त्याला इतका वेळ लागत होता की बाबांनी तो खिडकीबाहेर टाकला असता. महागातला घेतला असता तर खारी हवा आणि बाबांचे हात यांच्यात तो किती टिकेल याची धास्ती मलाच राहिली असती. मग मधल्या दर्जाचा एक पसंत केला. डाव्या रकान्यात लिहिलं: पडदा मोठा, अक्षरं चष्म्याशिवाय दिसतात. दोन्ही बाजूंना स्पीकर, आवाज खणखणीत. बॅटरी दीड दिवस पुरते. मराठी वाचणारा आवाज एकदा उतरवून घेतला की इंटरनेटशिवाय चालतो.

उजवा रकाना नंतर आठवडाभर भरत गेला. त्यात सिमकार्ड बसत नव्हतं, म्हणजे फोन वेगळाच सांभाळायचा. चार्जिंगला अख्खी सकाळ जायची. उन्हात पडदा काळा पडायचा, ओट्यावर बसलं की त्यात आपलंच तोंड दिसायचं. आणि बाबांची बोटं त्याला कळायचीच नाहीत. दोर ओढून ओढून बोटांची कातडी इतकी घट्ट झालेली की तीन वेळा दाबावं तेव्हा एकदा लागायचं. शेवटी बाबांनी करंगळी वापरायला सुरुवात केली. एवढा मोठा माणूस, काचेवर करंगळीनं टोचत बसलेला. आई तोंडाला पदर लावून हसायची.

टायपिंगला वेळ लागतो म्हणून मी पडद्यावर सोळा चौकोन करून दिले, चार ओळी, ओळीत चार. चौकोन दाबला की यंत्रातली बाई ते वाक्य बोलायची. ‘मला पाणी द्या.’ ‘मला भूक लागली आहे.’ ‘मला दम लागतो आहे.’ ‘मला झोपायचं आहे.’ शेवटच्या ओळीतला लाल चौकोन होता ‘मला दवाखान्यात न्या.’

बाबांनी सगळे एकेकदा दाबून पाहिले आणि मग टाइप करून तिच्याकडून बोलवून घेतलं, “ही बाय कोण हाय?”

“यंत्राचा आवाज आहे, बाबा. पुरुषाचा मराठीत चांगला मिळाला नाही.”

त्यांनी पुन्हा टाइप केलं. “आपल्यासारखी बोलत नाय.”

फोनवर तो आवाज कसा जातो, तेही मी तपासलं. फोन टॅबलेटला चिकटवून धरला तर शब्द तुटत होते. फोन टेबलावर ठेवून त्याचा स्पीकर चालू केला तर ऐकू येत होतं. शिवाय आमची एक खूण ठरली. फोनच्या पाठीवर नखानं एक टिचकी मारली तर हो, दोन मारल्या तर नाही. टॅबलेट गळ्यात अडकवायला मी पट्टा आणला होता, पण गळ्याभोवती आणखी काही नको म्हणून त्यांनी तो खांद्यावरून तिरका घातला. तपासणी झाली असं मी मनात म्हटलं आणि वही मिटली.

त्यानंतर महिन्याभरानं आमच्या आळीत लग्न होतं. चौथ्या घरातल्या मुलीची हळद. आमच्याकडे हळदीला अख्खी आळी मांडवात असते आणि सकाळपासून डीजे सुरू असतो. आई पहाटेपासून तिकडे मदतीला होती. बाबा गेले नव्हते. ऑपरेशननंतर ते गर्दीत जातच नव्हते. लोक विचारतात, आपण करंगळीनं टोचत बसतो, तोवर विचारणारा दुसऱ्याशी बोलायला लागतो, हे त्यांना सहन व्हायचं नाही.

मी कंपनीच्या कँटीनबाहेरच्या टेबलाशी डबा उघडत होते. फोन वाजला. बाबांचा नंबर. बाबा मला मेसेज टाकायचे, फोन सहसा करायचे नाहीत. मी उचलला. आधी लांबून डीजेचा दणदणाट आला आणि त्यावरून त्या बाईचा शांत आवाज.

“मला दवाखान्यात न्या.”

डबा हातातून खाली ठेवल्याचं मला आठवत नाही.

“बाबा, श्वास अडकतोय?”

दोन टिचक्या.

“भोकातून रक्त येतंय?”

दोन टिचक्या.

“छातीत दुखतंय?”

दोन, जोरात.

“चक्कर येतेय?”

पुन्हा दोन. मग पुन्हा ती बाई, तशीच, एक स्वरही न बदलता: “मला दवाखान्यात न्या.”

डॉक्टरांनी सांगितलेलं मला आठवलं, की गळ्याच्या भोकात कफाचा गोळा सुकून बसला तर काही मिनिटांत माणूस गुदमरतो. मी सांगायला लागले, “बाबा, खाली बसा. रुमाल काढा. सलाइनचं पाणी कपाटावर आहे, दोन थेंब आत सोडा आणि खोका.” मी बोलत असताना पलीकडून टिचक्या चालूच होत्या, दोन, दोन, दोन. मला वाटलं, ते घाबरलेत आणि ऐकत नाहीयेत.

“आई घरात नाही का?” मी विचारलं.

दोन टिचक्या.

म्हणजे नाही. आई मांडवात आहे. हा प्रश्न मी कसा विचारला, हे मला नंतर कित्येक दिवस खात होतं. ‘नाही का’ला ‘नाही’ म्हटलं तर त्याचा अर्थ काय घ्यायचा?

माझ्याच टेबलाशी आमच्या प्लांटमधला एक ऑपरेटर जेवत होता, मूळचा गोरखपूरकडचा, माझ्याहून वयानं मोठा. माझा चेहरा बघून त्यानं आपला फोन पुढे सरकवला. “मॅडम, वो फोन मत काटिए. दूसरा कॉल इससे लगाइए।”

मी त्याच्या फोनवरून आईचा नंबर लावला. एका कानाला त्याचा फोन, दुसऱ्या कानाला माझा. रिंग जायला लागली. आणि माझ्या फोनमधून, बाबांच्या बाजूनं, आईच्या मोबाइलची आरतीची धून ऐकू आली. अगदी जवळून.

आईचा फोन घरातच वाजत होता.

“बाबा, आई तिथेच आहे?”

एक टिचकी.

“आईला काही झालंय?”

एक. मग पुन्हा एक, पुन्हा एक, थांबेचना.

बाबा इतका वेळ तेच सांगत होते. पण सोळाच्या सोळा चौकोनांत आईसाठी एकही वाक्य नव्हतं. सगळी वाक्यं ‘मला’नं सुरू होणारी. आमच्या घरात आजारी फक्त बाबा आहेत, असं धरूनच मी ती लिहिली होती. आईला अकरा वर्षांपासून मधुमेह होता आणि ती रोज सकाळी इन्सुलिन घेत होती.

“बाबा, टाइप करा. मी थांबते.”

मग जी वाट पाहिली ती मी कधी विसरणार नाही. पलीकडे करंगळी काचेवर आपटल्याचा बारीक आवाज, मध्येच चुकलेलं अक्षर खोडल्याची टिकटिक, आणि मागे डीजेचं गाणं. काही बोलून उपयोग नव्हता, बोलले असते तर त्यांचा हात थांबला असता. ऑपरेटर माझ्या समोर उभा राहिला होता. त्याच्या हातात मोटारसायकलची किल्ली होती.

“आय पडली,” बाई म्हणाली. मग थोड्या वेळानं, “उठत नाय. घाम.”

आता मात्र प्रश्न कसे विचारायचे ते मला कळलं. एकेक, सरळ.

“श्वास चालू आहे?” एक.

“हाक मारली, म्हणजे हलवलं तर डोळे उघडते?” दोन.

“सकाळी इंजेक्शन घेतलं?” एक.

“त्यानंतर घरात काही खाल्लं?”

दोन.

साखर उतरली होती. नंतर कळलं, आई नेहमीच्या वेळी इंजेक्शन घेऊन मांडवात गेली, तिथे खाऊ म्हणून घरी खाल्लं नाही, आणि तिथे कामात राहून गेलं. दुपारी बाबांना पेज द्यायला म्हणून घरी आली आणि स्वयंपाकघराच्या दारात कोसळली.

“बाबा, नीट ऐका. तिला कुशीवर वळवा. तोंडात पाणी अजिबात घालू नका. साखरेत पाण्याचा एक थेंब घालून बोटानं तिच्या गालाच्या आतून चोळा. झालं की एक टिचकी मारा.”

डबा उघडल्याचा आवाज आला. काहीतरी खाली पडलं. ऑपरेटर दुसऱ्या फोनवरून रुग्णवाहिकेला पत्ता सांगत होता, मी मधूनमधून गावाच्या खुणा सांगत होते. ते गाडी पाठवतो म्हणाले. मग मी शेजारच्या काकीला फोन लावला, उचलला नाही. तिच्या सुनेला लावला, तिनंही नाही. त्या आवाजात कुणाला फोन ऐकू येणार होता?

एक टिचकी आली.

“आता टॅबलेट घेऊन मांडवात जा. काकीला घेऊन या. फोन तिथेच आईच्या डोक्याशी ठेवा, मी ऐकत राहते.”

पावलं लांब गेली. मग मी आणि आई, मधे तो फोन. तिचा श्वास ऐकू येतोय असं मला वाटायचं, आणि मग वाटायचं तो पंख्याचा आवाज आहे. “आई,” मी म्हणत राहिले, “आई, मी आहे.” एक गाणं संपलं आणि दुसरं सुरू झालं. ते दुसरं गाणं ऐकताना मी घाबरले. एवढ्या वेळात बाबा चार घरं ओलांडून पोचले असणार. मग कुणी आलं कसं नाही?

आणि गाणं मध्येच बंद पडलं.

अशी शांतता झाली की आता आईचा श्वास खरोखरच ऐकू आला, घरघरता पण चालू. मी श्वास मोजायला लागले. विसापर्यंत गेले असेन. मग लोकांचा कल्ला, मग पळणारी पावलं, मग काकीचा आवाज: “वैनी, अगो वैनी, काय झालं तुला?”

“काकी,” मी इकडून जोरात म्हटलं, “तिची साखर उतरलीय. पालघरला न्या, लगेच.”

“कोन बोलतंय?” काकी म्हणाली. मग तिला फोन दिसला. “नेतो गो. टेम्पो हाय दारात. तू रडू नको.”

मी रडत होते, हे मला तिनं सांगितल्यावर कळलं.

मधल्या वेळात मांडवात काय झालं, ते मला नंतर चार जणांनी चार तऱ्हांनी सांगितलं. बाबा खांद्यावर टॅबलेट घेऊन शिरले. इतक्या दिवसांनी ते आलेले पाहून लोक खूश झाले, कुणी हात धरला, कुणी त्यांच्या गालाला हळद लावली. त्यांनी चौकोन दाबला, पण डीजेपुढे तो स्पीकर कुणाला ऐकू जाणार? त्यांनी पडदा वर धरला, तर दुपारच्या उन्हात त्यावर काहीच दिसेना. व्हिडिओ काढतायत असं वाटून बायका ओळीत उभ्या राहिल्या. बाबांनी मग सरळ डीजेच्या टेबलामागे जाऊन वायर उपटली.

सगळे त्यांच्याकडे वळले. नवरीचा मामा आवाज चढवून काहीतरी बोलला. बाबांनी तेव्हा घाईत तोच लाल चौकोन दाबला. बाई म्हणाली, “मला दवाखान्यात न्या.”

आणि लोकांनी बाबांनाच धरलं. दोघांनी काखेत हात घातले, एकानं खुर्ची आणली, कुणी पाणी आणलं. बाबा हात सोडवून घ्यायला धडपडत होते आणि ती धडपड म्हणजेच आजार असं समजून लोक आणखी घट्ट धरत होते. त्या ओढाताणीत पट्टा तुटला, टॅबलेट खडीवर पडला आणि त्याचा कोपरा फुटला. काकी समोर येऊन त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिनं विचारलं, “भावजी, वैनी कुठं हाय? ती मघाच घरी गेली, ती आली नाय परत.”

बाबांनी काकीचं मनगट धरलं आणि घराकडे ओढलं. तेवढ्यानं काम झालं.

मांडवाच्या खुर्च्या घेऊन आलेला टेम्पो रिकामा उभा होता. त्यात गादी टाकून आईला पालघरच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं, बाबा आणि काकी सोबत गेले, आणि काकीच्या सुनेनं रुग्णवाहिकेला येऊ नका म्हणून कळवलं. ऑपरेटरनं मला मोटारसायकलवरून नेलं. बोईसर ते पालघर हा रस्ता कंटाळवाणा, असं रोज ये-जा करणाऱ्यांच्या तोंडून मी ऐकलेलं. त्या दिवशी प्रत्येक ट्रकच्या मागे आम्ही अडकत होतो, आणि फोन बंद झाला होता की गाडीच्या आवाजात ऐकू येत नव्हता, ते मला कळत नव्हतं. ऑपरेटर पूर्ण वाटेत एकदाच बोलला. “मेरी माँ को भी शुगर है।”

आम्ही पोचलो तेव्हा आईच्या हाताला ग्लुकोजची बाटली लागलेली होती आणि तिचे डोळे उघडे होते. चेहऱ्यावर साखर चिकटलेली. तिनं मला ओळखलं, आणि पहिलं विचारलं, “माझ्यामुळं हळद थांबली काय?”

“सुरू झाली असेल आता,” काकी म्हणाली.

“भरल्या मांडवात डीजे बंद केला म्हणं यांनी,” आई म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. ती चिडली होती का हसत होती, ते मला कळलं नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मी माझी ओळख सांगून आईची माहिती द्यायला लागले, तर त्यांनी हात वर केला. “सगळं मिळालंय. कुठलं इन्सुलिन, किती, किती वाजता, आधी असं कधी झालं होतं, सगळं यांनी सांगितलं.” त्यांनी बाकावर बसलेल्या बाबांकडे बोट दाखवलं. बाबांच्या मांडीवर फुटक्या कोपऱ्याचा टॅबलेट होता, गालाला हळद तशीच होती. तिथे ऊन नव्हतं, डीजे नव्हता. डॉक्टरीणबाई त्यांचं टाइप करून होईपर्यंत थांबल्या होत्या. तेवढं मिळालं की ते यंत्र चांगलं चालत होतं.

मी बाबांच्या शेजारी जाऊन बसले. मी म्हटलं, “बाबा, चूक माझी. मला कळायला हवं होतं.”

त्यांनी टॅबलेट उचलला, काही टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं. मग आवाज न करता पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर लिहिलं होतं, “मला वाटलं गेली.”

मी त्यांचा हात धरून बसले.

आईला दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. त्या रविवारी मी वही उघडली आणि उजव्या रकान्यात बरंच काही लिहिलं. उन्हाचं होतंच, गोंगाटाचं लिहिलं, पट्ट्याचं लिहिलं. दुसरा टॅबलेट घ्यावा का, उजळ पडद्याचा, सिमकार्डवाला, हेही मनात आलं. मी बाबांना विचारलं. ते नाही म्हणाले. याची सवय झाली होती, आणि करंगळीला कुठे किती दाबायचं ते आता कळत होतं. त्याऐवजी आम्ही एक वेगळा लहान स्पीकर आणला, दरवाजाच्या खिळ्याला अडकवून ठेवायचा, बाहेर जाताना घेऊन जायचा. एक शिट्टीही आणली. फुंकायला हवा तोंडातून यावी लागते, ती बाबांना कशी वाजणार, हे घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं. मग हातानं दाबायचा भोंगा आणला.

चौकोन मात्र या वेळी मी एकटीनं लिहिले नाहीत. बाबा आणि मी समोरासमोर बसलो, आई पलीकडे बोंबील निवडत होती. मी म्हटलं, “हे घ्या, ‘माझी पत्नी आजारी आहे, घरी चला.’”

बाबांनी मान हलवली आणि स्वतः टाइप केलं. बाई वाचून दाखवायला लागली: “हिला बरं नाय. घरी चला.”

आईनं मान वर करून पाहिलं. “हिला म्हंजे कोनाला, नाव लिवा की माझं.”

बाबांनी नाव लिहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी चारचौघांत आईचं नाव कधी घेतलं नव्हतं. ते त्या परक्या बाईच्या आवाजात पहिल्यांदा आमच्या घरात ऐकू आलं. आई पुन्हा बोंबलाकडे वळली.

‘मला’ची सहा वाक्यं आम्ही काढून टाकली. त्या जागी आलेल्यांपैकी एक बाबांनी स्वतःहून सुचवलं: “मला काय पन झालेलं नाय.” लोक धरायला आले तर लागेल, असं त्यांचं म्हणणं. दुसरं आईनं सुचवलं, रोज सकाळी इंजेक्शननंतर तिलाच विचारायचं: “खाल्लंस काय?” बाबा ते रोज दाबतात, आईचं खाऊन झालं असलं तरी दाबतात, आणि ती “हो” म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबत राहतात.